चिन्नोर कोणाचा? पोर्तुगालच्या द्राक्षमळ्यांतली एक जुनी गोष्ट



आज एक साधा प्रश्न विचारतो. चिन्नोर कोणाचा?

आपल्या उत्तरेला बालाघाट जिल्हा. तिथल्या चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. नाव 'बालाघाट चिन्नोर'. आपल्या पश्चिमेला भंडारा. तिथल्या चिन्नोरला २०२३ मध्ये मिळालं. नाव 'भंडारा चिन्नोर'. आणि या दोघांच्या मधात आपण, गोंदिया. खोरं तेच वैनगंगेचं, पाऊस तोच, रोवणीची रीत तीच, सणासुदीची खीरही तीच. नावात मात्र आपण कुठंच नाही.

जुना नकाशा काढून बघा. १८६७ च्या सुमारास इंग्रजांनी बालाघाट जिल्हा तयार केला, तेव्हा शिवनी आणि मंडला यांच्यासोबत भंडाऱ्याचाही एक तुकडा त्यात टाकला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात. मग १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. म्हणजे धानाचा एकच पट्टा, त्यावर सरकारनं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रेघा ओढल्या. धानाला या रेघा माहीत नव्हत्या. आता मात्र भावाची गोष्ट त्या रेघांवर येऊन थांबली आहे.

पिकाच्या नावाची सीमा कुठपर्यंत, ती कोण ठरवणार आणि तिचा फायदा कोणाला, या भांडणात पोर्तुगाल नावाच्या एका लहान देशानं अडीचशेहून जास्त वर्षं घालवली आहेत. पीक त्यांचं वेगळं, वाइनची द्राक्षं. ही दारूची जाहिरात नाही, शेतीची गोष्ट आहे. पोर्तुगीज आपल्याला तसे परके पण नाहीत. बांधावर माती टाकायचं घमेलं, कुलपाची चावी, महिन्याचा पगार, काजू आणि अननस हे शब्द त्यांच्याच बोलीतून आपल्या तोंडी आले. आपल्या जेवणातली मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून या देशात उतरली.

दोउरोचं पाणी आणि इंग्रजांचा बाजार

दोउरो ही नदी स्पेनमध्ये उगम पावते, पोर्तुगाल ओलांडते आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिक समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला उभे डोंगर आहेत. जमीन म्हणजे शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड. तो फोडून, त्याचेच कोरडे बांध रचून, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आहेत. उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा गोठवणारा. धान तिथं उभं राहणार नाही. पण वेलीची मुळं दगडाच्या भेगांतून खोल जातात आणि पाणी शोधतात. अशा वेलीला द्राक्ष थोडं लागतं, पण दाट रसाचं लागतं.

१७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन करार झाला. इंग्रजांचं लोकरी कापड पोर्तुगालमध्ये खुलं, आणि बदल्यात पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. फ्रान्सशी इंग्रजांचं वैर होतंच. त्यामुळं सगळं गिऱ्हाईक पोर्तोकडं वळलं. वरच्या दोउरोतून राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांत पिंपं भरून खाली यायची, पोर्तोच्या समोरच्या काठावर गोदामात पडायची आणि तिथून जहाजानं इंग्लंडला जायची. वाटेत माल खराब होऊ नये म्हणून त्यात द्राक्षाचीच ब्रँडी मिसळायची पद्धत पडली. बंदराच्या नावावरून तिला 'पोर्ट' म्हणू लागले.

मागणी वाढली की काय होतं, ते आपल्याला शिकवायला नको. डोंगरउताराच्या बाहेर, सपाटीच्या ओल्या जमिनीत भरपूर पिकणारी पातळ वाइन आणून त्यात ओतायला लागले. रंग फिका दिसू नये म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळं ठेचून टाकायची, वरून गोडी यायला साखर. बाटलीवर नाव तेच. १७५० च्या दशकात इंग्लंडमधलं गिऱ्हाईक विटलं आणि भाव कोसळले. इंग्रज व्यापारी म्हणाले, शेतकरी भेसळ करतो. शेतकरी म्हणाला, व्यापारी पडता भाव देतो आणि स्वतःच मिसळतो. दोघंही थोडे-थोडे खरे होते. मेला तो डोंगरावरचा, ज्याचं पीक चोख होतं आणि उत्पन्न कमी.

सीमेचे दगड

त्या वेळी पोर्तुगालचा कारभार सेबास्तियाँव जुझे दि कार्व्हाल्यो या मंत्र्याच्या हातात होता. पुढं तो पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन शहर जमीनदोस्त झालं, ते त्यानं पुन्हा उभं केलं. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १७५६ ला, राजाच्या सनदेनं त्यानं वरच्या दोउरोच्या द्राक्षशेतीसाठी एक कंपनी काढली. तिला दिलेलं मोठं काम म्हणजे सीमा ठरवणं.

माणसं शेताशेतातून फिरली. कुठली जमीन निर्यातीच्या वाइनची, कुठली गावात प्यायच्या साध्या वाइनची, हे ठरलं. दोन्हींचे भाव वेगळे. सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. त्यांवर 'फेतोरिया' हा शब्द कोरला, म्हणजे निर्यातीच्या दर्जाचं क्षेत्र. पुढच्या काही वर्षांत असे तीनशेहून जास्त दगड उभे राहिले, आणि त्यांतले कितीतरी आजही मळ्यांत, घरांच्या भिंतींत सापडतात.

नियम कडक होते. एल्डरची झाडं उपटून टाका. दगडाच्या आतली आणि बाहेरची द्राक्षं मिसळू नका. आणि एक नियम तर आपल्याला चकित करणारा आहे: वेलीला शेणखत घालू नका! कारण साधं होतं. खत घातलं की घड वाढतात, रस पातळ होतो आणि नावाचा माल पुन्हा बाजारात पडतो. सरकारनं शेतकऱ्याला सांगितलं, कमी पिकव. आणि त्याच्या बदल्यात ठरलेल्या भावाची हमी दिली. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती योजना टिकली. नुसतं 'कमी पिकव' सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं.

पण ही गोष्ट सगळी गोड नाही. कंपनीला पोर्तो शहरातल्या वाइनविक्रीचाही मक्ता मिळाला. गुत्तेवाले आणि गरीब गिऱ्हाईक चिडले. २३ फेब्रुवारी १७५७ ला पोर्तोत दंगल झाली. सरकारनं ती निर्दयपणे मोडली, कित्येकांना फासावर चढवलं. दक्षिणेकडच्या बाइराडा भागातली वाइन पोर्टमध्ये मिसळली जाते म्हणून तिथल्या वेलीच उपटायला लावल्या. बाइराडाचं बागा नावाचं काळं, आंबट, जाड सालीचं द्राक्ष आज मानाचं समजलं जातं. पण त्या पिढीतल्या शेतकऱ्याला सीमेच्या बाहेर असणं म्हणजे काय, ते चांगलंच कळलं.

म्हणून सांगतो, रेघ ओढली की कोणीतरी आत येतो आणि कोणीतरी बाहेर पडतो. रेघ ओढताना आपण तिथं हजर असावं, एवढंच आपल्या हातात असतं.

रेघ पुसली तेव्हा

१८६५ मध्ये खुल्या व्यापाराच्या लाटेत दोउरोची सीमा मोकळी केली गेली. कोणीही कुठलीही वाइन पोर्ट म्हणून पाठवावी. नेमक्या त्याच दशकात फिलोक्झेरा आला. अमेरिकेतून युरोपात आलेला हा मावाजातीचा बारीक किडा वेलीची मुळंच खातो. सगळ्या युरोपातले मळे त्यानं वाळवले. दोउरोत पायऱ्यांच्या पायऱ्या उजाड पडल्या. त्या सोडून दिलेल्या शेतांना तिथं 'मोर्तोरियो' म्हणतात, मेलेली शेतं. दगडी बांध अजून उभे, आत झुडपं आणि कुठंकुठं ऑलिव्हची झाडं.

औषध सापडलं तेही अमेरिकेतच. तिकडच्या रानटी वेलीच्या मुळांना तो किडा मारू शकत नव्हता. म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर आपलं द्राक्ष, अशी कलमं सुरू झाली. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार आज 'डॉगरिज' खुंटावर बाग लावतात. तो खुंटही मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडं तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी वापरतात, पण खुंटावर कलम बांधायची रीत जगभर पसरली ती त्या किड्यामुळं.

लिस्बनजवळ समुद्रकाठी कोलारेस नावाचा एक छोटा पट्टा मात्र वाचला. तिथली जमीन वाळूची. वाळूत त्या किड्याला हालचाल जमत नाही. तिथले शेतकरी वाळूत खोल खड्डा खणतात, खालच्या चिकणमातीला वेल भिडवतात आणि मग हळूहळू वाळू भरत जातात. रामिस्को नावाचं तिथलं द्राक्ष अजून स्वतःच्या मुळांवर उभं आहे.

१९०७ मध्ये दोउरोची सीमा पुन्हा आखली गेली. १९०८ च्या सुमारास विन्यो व्हेर्द, दाओ, कोलारेस, मदेरा असे आणखी पट्टे कायद्यानं ठरले. एका देशात, आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान देशात, इतके वेगवेगळे पट्टे. प्रत्येकाचं द्राक्ष वेगळं.

प्रत्येक पट्ट्याची रीत वेगळी

विन्यो व्हेर्द हा वायव्येचा, भरपूर पावसाचा भाग. शेतं लहान, माणसं जास्त. तिथं जुन्या काळी वेल शेताच्या मधात लावतच नसत. धुऱ्यावरच्या झाडांवर चढवत, नाहीतर उंच मांडवावर. खालची जमीन मक्याला मोकळी. आपण बांधीच्या धुऱ्यावर तूर टाकतो, तशातलीच गोष्ट. आल्व्हारिन्यो आणि लोरेरो ही तिथली पांढरी द्राक्षं. वाइन हलकी, आंबूस, लवकर प्यायची.

मदेरा हे समुद्रातलं बेट. तिथली पिंपं जहाजातून भारताकडं जायची, त्यातली काही न विकता परत यायची. उष्ण समुद्रातून दोनदा गेल्यावर ती वाइन नासायच्या ऐवजी सुधारली, असं लक्षात आलं. अशा फेरी मारून आलेल्या मालाला वेगळं नाव आणि वेगळा भाव मिळू लागला. पुढं बेटावरच वाइन मुद्दाम तापवायची पद्धत निघाली.

दाओ हा दोउरोच्या दक्षिणेचा ग्रॅनाइटचा डोंगराळ भाग. त्याची गोष्ट आपल्यासाठी सावधगिरीची आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत, १९४० च्या दशकापासून, तिथं सरकारनं सहकारी वाइनशाळा काढल्या आणि द्राक्ष विकत घ्यायचा हक्क जवळपास त्यांच्याच हातात दिला. खासगी कारखानदाराला शेतकऱ्याकडून थेट द्राक्ष घेता येईना. स्पर्धा संपली. चांगलं द्राक्ष आणि साधं द्राक्ष एकाच टाकीत पडू लागलं. दाओचं नाव होतं, सीमा होती, कायदा होता, तरी माल घसरला. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, त्यानंतर तो मक्ता मोडला आणि मगच दाओ सावरला. सीमा असणं पुरेसं नसतं. चांगल्या मालाला वेगळा भाव मिळाला पाहिजे, नाहीतर चांगला माल कोणी पिकवत नाही.

दोउरोनं याचं उत्तर वेगळ्या पद्धतीनं शोधलं. १९३२ मध्ये तिथं 'काझा दु दोउरो' ही शेतकऱ्यांची संस्था निघाली. पुढं १९४० च्या दशकात तिच्यामार्फत प्रत्येक मळ्याला गुण द्यायची पद्धत आली. उंची, उतार, माती, वारा, वेलीचं वय, द्राक्षाचा वाण, असे मुद्दे मोजायचे आणि मळ्याला प्रत द्यायची. आणि बघा, उत्पादन जास्त असलं तर गुण कापायचे! ज्या मळ्याची प्रत वरची, त्याला पोर्टसाठी जास्त द्राक्ष द्यायचा हक्क. म्हणजे सीमा नुसती जिल्ह्याला नाही, बांधीबांधीला.

कमी पिकणारं द्राक्ष

आता त्या द्राक्षाची गोष्ट, ज्याच्यासाठी ही सगळी नोंद लिहिली.

तुरिगा नासिओनाल हे पोर्तुगालचं सगळ्यात नावाजलेलं काळं द्राक्ष. दाओ आणि दोउरो दोघंही त्याला आपलं म्हणतात. दाणा बारीक, घड लहान, रस थोडा. पण रंग, सुगंध आणि ताकद भरपूर. फिलोक्झेरानंतर नवी लागवड करायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. कर्ज काढून बाग लावायची आणि घड मूठभर? त्यांनी जास्त पिकणारे वाण लावले. एके काळी मानाचं असलेलं द्राक्ष कोपऱ्यात गेलं.

दोउरोच्या जुन्या मळ्यांत एकाच शेतात वीस-तीस वाण मिसळून लावलेले असायचे. कुठली वेल काय देते, याचा नीट हिशेब नव्हता. १९७० च्या दशकात जुझे अंतोनियो रामोस पिंतो रोसास आणि जुवाँव निकोलाउ दि आल्मेइदा या दोघांनी वाण वेगवेगळे करून तपासले आणि १९८१ मध्ये पाच वाण पुढं मांडले. त्यात तुरिगा नासिओनाल होतं. संशोधकांनी जुन्या मळ्यांतून चांगल्या वेली निवडून त्यांची रोपं वाढवली. वाण तोच राहिला, निवड सुधारली. आज ते द्राक्ष पोर्तुगालची ओळख आहे. ते वाचलं, कारण त्याच्या कमी उत्पन्नाची भरपाई करणारा भाव तिथं उभा होता आणि निवड करायला कोणीतरी शेतात उतरलं.

आता चिन्नोरकडं या. भारी धान, बांधीत दिवस जास्त घेतो. उंच वाढतो, वाऱ्या-पावसात लोळतो. उतारा कमी. पण शिजला की घरभर वास. आपल्या बापजाद्यांनी तो खाण्यापुरता, पाहुण्यापुरता ठेवला आणि विकायला दुसरा धान लावला. कालव्याचं पाणी आलं, उन्हाळी धान आला, एक हजार दहासारखे वाण आले. चिन्नोर कोपऱ्यात गेला, अगदी तुरिगासारखाच.

सरकारी खरेदीचा हिशेब बघा. केंद्र सरकार धानाला दोनच भाव देतं, साधारण आणि 'अ' दर्जा. २०२३-२४ मध्ये साधारणला क्विंटलमागं २१८३ रुपये आणि 'अ' दर्जाला २२०३. २०२४-२५ मध्ये २३०० आणि २३२०. फरक वीस रुपये. आणि 'अ' दर्जा ठरतो तो दाण्याच्या लांबी-रुंदीवरून. सुगंधाला रकाना नाही. खरेदी केंद्राच्या काट्यावर चिन्नोर आणि बाकीचा धान सारखाच. हे म्हणजे दाओची टाकी झाली. खरेदी केंद्रानं आपल्याला पडत्या भावातून वाचवलं, हे खरं आहे. पण सुगंधी धान वाचवणं त्याचं काम नाही आणि ते त्याला जमणारही नाही.

नावाची किंमत

नाव कोणाच्या हाती, याचं एक दुखरं उदाहरण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ या धानातून वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून, एक बारीक दाण्याचा वाण तयार केला. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं. आज एचएमटी कुठल्या बाजारात नाही? पण नावात ना नांदेड, ना खोब्रागडे. २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही घरची परिस्थिती बेताचीच होती. मान आणि पुरस्कार मिळाले, पण पोत्यामागं काही मिळालं नाही.

दुसरीकडं गोव्यात बघा. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला. गोव्याच्या दमट हवेत त्यांची द्राक्षशेती रुजली नाही, काजू रुजला. त्याच्या बोंडापासून गोवेकरांनी फेणी काढली आणि २००९ मध्ये तिला जीआय मिळालं. नागपूरच्या संत्र्याला आहे, भिवापूरच्या मिरचीला आहे, नाशिकच्या द्राक्षाला आहे आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावालाही आहे.

आपल्या देशात यासाठी १९९९ चा कायदा आहे, २००३ पासून लागू. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला. दार्जिलिंगचा चहा त्यातलं पहिलं नाव. आणि गंमत म्हणजे पोर्तुगालचे लोक तिथंही येऊन गेले. 'पोर्तो' आणि 'दोउरो' ही दोन्ही नावं चेन्नईच्या त्याच नोंदवहीत आहेत, जिच्यात बालाघाट चिन्नोर आणि भंडारा चिन्नोर आहेत. समुद्रापलीकडचा शेतकरी आपल्या डोंगराचं नाव राखायला इथवर आला.

मग आपण काय करायचं?

पहिलं, जीआय मिळालं म्हणजे भाव मिळाला, असं नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढं नूतनीकरण करावं लागतं. त्यातही शेतकऱ्यानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. नाव न नोंदवता पोत्यावर जीआयचं नाव लिहिता येत नाही. भंडारा आणि बालाघाटच्या आपल्या सोयऱ्या-धायऱ्यांना हे आधी सांगा. तुमच्याकडं रेघ आली आहे, आत पाऊल टाका. नाहीतर नाव तुमचं आणि फायदा पोत्यावाल्याचा.

दुसरं, गोंदियासाठी. प्रत्येक जीआयच्या अर्जात क्षेत्राचा नकाशा असतो आणि तो चेन्नईच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. आपल्या तालुक्याबद्दल बोलायच्या आधी तो नकाशा उघडा. अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही. उत्पादकांची संस्था, गट, किंवा त्यांच्या वतीनं काम करणारी संस्था लागते. आणि पीक इथलंच, जुनंच आहे, याचे पुरावे लागतात. १९९९ च्या आधीचे आपले सगळे कागद भंडारा जिल्ह्याच्या नावावर आहेत, हे विसरू नका. तेच कागद आपले साक्षीदार आहेत. जुने सातबारे, पेरेपत्रकं, बाजार समितीच्या पावत्या, आजोबांच्या वहीतले खंडी-कुडवाचे हिशेब, जे असेल ते जपून ठेवा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बियाणं. दोउरोत आधी एल्डरची झाडं उपटली, मग नाव उभं राहिलं. आज बाजारात बारीक दाण्याच्या कुठल्याही तांदळाला चिन्नोर म्हणून खपवणारे आहेत. आणि खरं बोलायचं तर आपल्या बांधीतला चिन्नोर तरी किती शुद्ध राहिला आहे? चुरणं एकाच खळ्यावर, कणग्या शेजारी-शेजारी, आणि शेजारच्या बांधीतला दुसरा धान. ज्यांच्याकडं जुनं बी आहे त्यांनी लोंब्या निवसायच्या वेळी बांधीत उतरून वेगळी दिसणारी झाडं उपटावीत आणि बियाण्यापुरत्या लोंब्या हातानं निवडून वेगळ्या ठेवाव्यात. दादाजींनी याहून वेगळं काही केलं नव्हतं. तुरिगा वाचवणाऱ्यांनीही नाही.

पोर्तुगालकडून घ्यायचं ते हेच. पोंबालनं दगड रोवले म्हणून दोउरो मोठा झाला, असं लोक सांगतात. पण दगडाच्या आत जे होतं ते चोख राहिलं, आणि कमी पिकवणाऱ्याला त्याची भरपाई मिळाली, म्हणून तो दगड अजून अर्थाचा आहे. १८६५ मध्ये रेघ पुसली तरी वेल, माती आणि ते जपणारी माणसं राहिली होती, म्हणून ४२ वर्षांनी ती परत ओढता आली. आपल्याकडं उलटं आहे. रेघ आपल्यापर्यंत यायची बाकी आहे, आणि ती येईपर्यंत बी जपणं आपलं काम.

ज्यांच्या घरी चिन्नोरचं जुनं बी आहे त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. फक्त गाव आणि तालुका, बाकी काही नको. सालेकसा, देवरी, आमगाव, गोरेगाव, तिरोडा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव आणि गोंदिया, आठही तालुक्यांतून नावं आली तर नकाशा आपोआप तयार होईल. त्यावरून निदान हे कळेल की चिन्नोर अजून कुठल्या कुठल्या बांधीत उभा आहे.

राम राम.